फाइव्ह स्पॉटमधला मुक्काम

१९५७ च्या उन्हाळ्यात जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन सकाळी पियानोवादक थेलोनियस मंकच्या घरी जायचा आणि त्याला झोपेतून उठवायचा. मंक उठून पियानोपाशी बसायचा आणि स्वतःची एखादी रचना वाजवायला लागायचा. कोल्ट्रेन सॅक्सोफोन काढून ती कानाने पकडू बघायचा. नाही जमली की मंक पुन्हा वाजवायचा. तरीही नाही जमली, तर आणखी एकदा. एखादी जागा फारच अडली तर तो कागद काढून दाखवायचा. पण बघून वाजवण्यापेक्षा ऐकून, घोळवून, हातात मुरवून शिकावं हीच त्याची रीत होती. रचना जवळपास बसत आली की तो शिष्याला तिच्यासोबत सोडून निघून जायचा, कधी दुकानात, कधी परत अंथरुणात. कोल्ट्रेन एकटाच घोटत बसायचा, पक्की झाली की हाक मारायचा, आणि मग दोघं मिळून ती वाजवायचे. कधीकधी अख्ख्या दिवसात एकच रचना व्हायची. हे सगळं कोल्ट्रेनने स्वतःच पुढे सांगितलं आहे.

शास्त्रीय संगीत ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे ओळखीचं वाटतं. तालीम अशीच होते. मला त्या सकाळींचं मोल कमी वाटत नाही, पण त्यांच्याविषयी विचार करताना मन सारखं त्यांच्या पुढच्या टोकाकडे जातं. सकाळी घोटलेलं त्याच रात्री लोकांसमोर मांडायला एक जागा होती. दुसऱ्या रात्रीही होती, पुढच्या आठवड्यातही होती, पुढच्या महिन्यातही. जुलैपासून डिसेंबरपर्यंत मंक आणि त्याचे सोबती न्यूयॉर्कच्या एका छोट्या दारूगुत्त्यात मुक्कामाला होते. त्याचं नाव फाइव्ह स्पॉट, पत्ता ५, कूपर स्क्वेअर.

जागा म्हणून तिच्यात नाव घेण्यासारखं काही नव्हतं. बावरी हा मॅनहॅटनचा त्या काळी पार खचलेला भाग. बेघर, दारूत बुडालेले म्हातारे, स्वस्त खाटांची वसतिगृहं. वरून लोखंडी खांबांवर थर्ड अॅव्हेन्यूची आगगाडी धावायची, तिच्या सावलीत खालचा रस्ता दिवसाही अंधारा असायचा. टर्मिनी कुटुंबाचा हा गुत्ता तिथला. महायुद्धावरून परतलेले जो आणि इगी हे दोघे भाऊ वडिलांचा तो धंदा पुढे चालवू लागले. १९५५ मध्ये ती गाडी बंद झाली, लोखंडी सांगाडा उतरवला गेला आणि त्या रस्त्यावर ऊन पडलं. भाडी स्वस्तच होती, म्हणून चित्रकार आसपासच्या माळ्यांवर राहायला आले. विलेम डी कूनिंग, फ्रान्झ क्लाइन, लॅरी रिव्हर्स ही आज संग्रहालयांत भिंतीवर दिसणारी नावं तेव्हा संध्याकाळी टर्मिनींकडे बिअर प्यायला यायची. या मंडळींना तिथे संगीत हवं होतं. टर्मिनी भावांनी ऐकलं आणि पियानो ठेवला. १९५६ मध्ये तिथे वाजवायला सुरुवात झाली, आणि पहिल्याच काळात सेसिल टेलरसारखा, ज्याचं वादन पचवायला पुढे कित्येक वर्षं लागली असा, पियानोवादक तिथे बसला.

मला या भावांविषयी फार आपुलकी वाटते. संगीताच्या इतिहासात वाजवणाऱ्यांची नावं राहतात, ते बरोबरच आहे. पण ज्याच्या मालकीचं दार आहे आणि जो म्हणतो, ‘उद्याही या, परवाही या’, त्याच्यावाचून असा हंगाम उभाच राहत नाही. गिऱ्हाईक काय म्हणतंय हे कान देऊन ऐकणं, आणि मग ज्याचं वाजवणं अनेकांना विचित्र वाटतं अशा माणसाला महिनोन्‌महिने जागा देणं, यालाही रसिकपण लागतं.

मंकला त्या काळी विचित्रच म्हणत. १९१७ साली नॉर्थ कॅरोलिनात जन्मलेला, लहानपणापासून मॅनहॅटनच्या वेस्ट ६३ व्या रस्त्यावर वाढलेला हा माणूस बोटं सपाट ठेवून वाजवायचा. जिथे सूर अपेक्षित असेल तिथे तो थांबायचा, आणि जिथे कुणी कल्पना केली नसेल तिथे शेजारशेजारचे दोन सूर एकदम दाबायचा. ऐकणाऱ्याला आधी चुकल्यासारखं वाटतं. मग दुसऱ्या आवर्तनात तीच जागा पुन्हा येते आणि कळतं की ती तिथे नसती तर बाकीचं सगळं कोसळलं असतं. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा असा कलावंत स्वतःच्या शहरात का ऐकू येत नव्हता, याचं कारण त्याच्या संगीतात नव्हतं.

न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून नियम होता की जिथे दारू विकली जाते तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाकडे पोलिसांनी दिलेलं कार्ड हवं. वाढप्यालाही हवं, वादकालाही हवं. ऑगस्ट १९५१ मध्ये मंक आणि त्याचा मित्र, पियानोवादक बड पॉवेल, एका मोटारीत बसले असताना पोलिसांनी त्यांना पकडलं. हेरॉइनची पुडी सापडली. मंकने मित्राविरुद्ध तोंड उघडायला नकार दिला, साठ दिवस तुरुंगात काढले, आणि त्याचं कार्ड गेलं. त्यानंतर सुमारे सहा वर्षं त्याला आपल्या शहरातल्या क्लबांत वाजवता आलं नाही. तबकड्या निघत होत्या, परगावी कधीमधी कार्यक्रम होत होते, पण रोजचं वाजवणं बंद. घरात दोन लहान मुलं. बायको नेली नोकरी करून घर चालवत होती. मंक घरी बसून रचना करत राहिला.

सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं कार्ड असंच गेलं होतं. गायिका बिली हॉलिडेचं १९४७ पासून नव्हतं आणि मरेपर्यंत मिळालं नाही. फाइव्ह स्पॉटमध्येच एका रात्री ती श्रोती म्हणून आली असताना पियानोवादक माल वॉल्ड्रनच्या शेजारी उभी राहून हलक्या आवाजात गायली. कवी फ्रँक ओहारा तिथे होता. १९५९ च्या जुलैत ती गेली त्या दिवसावरच्या त्याच्या कवितेत ती रात्र आहे. ज्या शहरात तिचा आवाज घडला त्या शहराच्या क्लबांत तिला कायद्याने गाता येत नव्हतं, हे वाचून आजही राग येतो. माणसाचं हातातलं काम काढून घेण्याचा अधिकार एका शिक्क्याला होता, आणि तो १९६७ पर्यंत राहिला.

१९५७ मध्ये मित्रांनी खटपट करून मंकचं कार्ड परत मिळवलं. नेली त्याच वसंतात आजारी होती, तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. ती रुग्णालयात असताना मंक ‘क्रेपस्क्यूल विथ नेली’ ही रचना घडवत होता. ही रचना तो नेहमी जशी बांधली तशीच वाजवायचा. जॅझमध्ये रचना म्हणजे निघायची जागा, पुढे प्रत्येकाने आपापला विस्तार करायचा. इथे मात्र विस्तार नाही, फिरवाफिरव नाही. बायकोसाठी केलेली गोष्ट त्याने आहे तशी ठेवली.

आणि कोल्ट्रेन? तोही नॉर्थ कॅरोलिनाचाच, मंकपेक्षा नऊ वर्षांनी लहान. १९५७ च्या एप्रिलमध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या बँडमधून काढलं होतं. हेरॉइनमुळे त्याचं वादन आणि वेळ दोन्ही बिघडले होते. तो फिलाडेल्फियाला आईच्या घरी गेला आणि तिथे त्याने ते सोडलं. औषध नाही, वैद्य नाही. त्या वर्षी आपल्याला ईश्वरकृपेने आध्यात्मिक जाग आली, असं त्याने पुढे ‘अ लव्ह सुप्रीम’ या आपल्या तबकडीच्या वेष्टनावर लिहिलं. जुलैत तो फाइव्ह स्पॉटमध्ये मंकसोबत उभा राहिला तेव्हा तो ३० वर्षांचा होता. नावाजलेल्या बँडमधून बाहेर पडलेला आणि अजून स्वतःचं काही न मांडलेला वादक. एकाला सहा वर्षांनी रात्रीचं काम मिळालेलं, दुसऱ्याला नव्याने आयुष्य. अशी दोन माणसं एकमेकांना त्या महिन्यांत भेटली.

वाजवताना मंकची एक सवय होती. रचनेचा मुखडा झाला, कोल्ट्रेनचा विस्तार सुरू झाला की थोडा वेळ तो साथ करायचा आणि मग पियानो सोडून उठायचा. पियानोभोवती पावलं टाकत, गिरक्या घेत नाचायचा, कधी बारपाशी जाऊन उभा राहायचा. मागे राहायचे फक्त बास आणि ड्रम्स: आधी विल्बर वेअर, नंतर अहमद अब्दुल-मलिक बासवर, आणि शॅडो विल्सन ड्रम्सवर. स्वरांचा आधार देणारा पियानो गप्प. त्या मोकळ्या जागेत कोल्ट्रेनला पंधरा-वीस मिनिटं एकट्याने चालायचं असायचं, आणि मंकच्या रचनांमधले स्वरबदल म्हणजे सोपी वाट मुळीच नाही. एक बदल हुकला की कसं वाटतं हे त्यानेच सांगितलंय: दार उघडून पाऊल टाकावं आणि पुढे लिफ्टच नसावी, नुसती पोकळी असावी.

एकदोन कार्यक्रमांपुरतं वाजवणारा माणूस अशा जागी जपून वागतो. ते साहजिक आहे. जे पक्कं आहे तेच तो वाजवतो, कारण ही रात्र गेली की दुरुस्त करायला दुसरी नाही. मुक्कामात वादकाला पडण्याची मुभा मिळते. मंगळवारी हुकलेली जागा बुधवारी पुन्हा समोर येते, तीच रचना, तोच बास, तोच कोपरा. आणि श्रोत्यांमध्येही मंगळवारी बसलेले चारजण बुधवारी पुन्हा आलेले असतात. त्यांना काल काय निसटलं होतं ते माहीत असतं, आज ते सापडतंय का हे ते श्वास धरून ऐकत असतात. दोन्ही बाजूंना ओळख वाढत जाते. मंक त्या रात्रींमध्ये थोडक्याच रचना वाजवायचा, आपल्याच, पुन्हापुन्हा. मला यात कंटाळ्याची शक्यताच दिसत नाही. एकच यमन आयुष्यभर गाणाऱ्या माणसांचे आपण वारस आहोत.

त्या मुक्कामाने काय घडवलं हे बघायला लांब जावं लागत नाही. सप्टेंबरमध्ये, म्हणजे हंगाम चालू असतानाच, कोल्ट्रेनने ‘ब्लू ट्रेन’ ध्वनिमुद्रित केलं. पुढच्या वर्षी समीक्षक आयरा गिटलरने त्याच्या वादनाला स्वरांच्या चादरी म्हटलं, इतके सूर तो एका श्वासात एकावर एक पसरत होता. एप्रिलमध्ये काढून टाकलेल्या वादकाला माइल्स डेव्हिसने नव्या वर्षाच्या सुरुवातीला परत बोलावलं. कोल्ट्रेन मंकविषयी बोलायचा तेव्हा त्याला संगीतातला स्थापत्यकार म्हणायचा, आणि आपण त्याच्याकडून इंद्रियांनी, बुद्धीने, शास्त्राने, सगळ्या बाजूंनी शिकलो, असं कृतज्ञतेने सांगायचा.

मुंबईनेही असे हंगाम पाहिले आहेत, आणि त्यांचंही फळ आपण खाल्लं आहे. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूममध्ये आफ्रिकी-अमेरिकी वादक हिवाळ्याच्या हंगामाला यायचे. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन अॅबी आपला बँड घेऊन आला. मग कॉर्नेटवाला क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. शिकागोत लुई आर्मस्ट्राँगसोबत वाजवलेला वेदरफर्ड हिंदुस्थानात रमला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला. हे लोक एका रात्रीसाठी आले असते तर मुंबईकरांनी टाळ्या वाजवून त्यांना निरोप दिला असता, एवढंच. ते महिनोन्‌महिने राहिले. त्यामुळे गोव्याहून आलेले, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले वादक त्यांना रोज ऐकू शकले, त्यांच्या शेजारी बसून वाजवू शकले. हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, त्याच हवेत घडला. त्याची आणि पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्रांची, गाठ पडली आणि १९५१ च्या ‘अलबेला’तली गाणी झाली. पडद्यावरही तो आपल्या बँडसह दिसतो. ज्यांनी जॅझ हा शब्दही ऐकला नव्हता अशा घरांमध्ये ती गाणी पोचली.

पुढे १९७८ मध्ये मुंबईत जॅझ यात्रा सुरू झाली. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, जगभरचे वादक ऐकायला मिळाले. पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्स आला. शाळेत असताना शाळा सुटली की मंकच्या घरी जाऊन वाजवणारा, १९५६ च्या ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’मध्ये मंकसोबत सॅक्सोफोन वाजवणारा हाच रॉलिन्स. मुंबई त्याला नवी नव्हती. १९६० च्या दशकात तो पवईच्या आश्रमात राहून गेला होता. महोत्सवांनी आपल्याला खूप दिलं, त्याबद्दल मनात ऋणच आहे. तरी मला राहून राहून वाटतं की महोत्सवात आपल्याला कलावंत भेटतो तो तयार होऊन आलेला. तो तयार कसा होतो, ते बघायचं भाग्य फक्त हंगामाच्या श्रोत्याला. आज आपल्या शहरांमध्ये सभागृहं आहेत, उत्तम ध्वनियंत्रणा आहेत, चांगले तरुण वादकही आहेत. एखाद्या तरुण वादकाला सलग तीन महिने, आठवड्यातून चार रात्री, त्याच चाळीस खुर्च्यांसमोर बसवणारा कॅफेवाला मात्र क्वचितच भेटतो. असा कुणी भेटला तर आपण दर गुरुवारी तिकीट काढून जावं, आणि पहिल्या गुरुवारी मजा आली नाही तरी दुसऱ्या गुरुवारी जावं.

फाइव्ह स्पॉटच्या त्या महिन्यांचं ध्वनिमुद्रण जवळजवळ नाहीच. कोल्ट्रेनचा करार एका कंपनीशी, मंकचा दुसरीशी. त्यात अडकून स्टुडिओतल्या तीनच रचना हाती लागल्या, त्याही १९६१ मध्ये बाजारात आल्या. कित्येक वर्षं लोक ‘तिथे होतो’ एवढंच सांगायचे आणि बाकीचे ऐकून घ्यायचे. मग २००५ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लॅरी अॅपलबॉम जुन्या फितींचं डिजिटल रूपांतर करत असताना त्यांना व्हॉइस ऑफ अमेरिकाची एक फीत सापडली. २९ नोव्हेंबर १९५७, कार्नेगी हॉल. एका समाजकेंद्राच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात मंकचा हा चौघांचा बँड वाजवून गेला होता. त्याच रात्री त्याच मंचावर बिली हॉलिडेही होती, डिझी गिलेस्पीही, रे चार्ल्सही. कार्नेगी हॉलमध्ये पोलिसांच्या कार्डाची गरज नसे.

ही फीत मी सकाळी ऐकते. सकाळी कान स्वच्छ असतात, आणि मला ती रात्रीच्या संगीतापेक्षा त्या तालमींच्या जवळची वाटते. पहिली रचना ‘मंक्स मूड’, संथ. पियानो आणि सॅक्सोफोन एकमेकांना वाट देत निघतात. कोण गुरू आणि कोण शिष्य हे त्या क्षणी ओळखता येत नाही. चार महिने रोज एकत्र वाजवल्याशिवाय दोन माणसांमध्ये ही सैलावलेली जवळीक येत नाही. ‘क्रेपस्क्यूल विथ नेली’ही त्यात आहे, बांधली तशीच, आणि कोल्ट्रेन तिच्यात स्वतःचा एकही सूर घुसवत नाही. मला त्याच्या साऱ्या झंझावाती वादनाइतकाच हा संयम मोठा वाटतो.

कोल्ट्रेन डेव्हिसकडे परत गेल्यावर १९५८ च्या उन्हाळ्यात मंक पुन्हा टर्मिनींकडे मुक्कामाला आला. या वेळी सॅक्सोफोनवर जॉनी ग्रिफिन आणि ड्रम्सवर रॉय हेन्स. सुदैवाने हे वाजवणं त्याच जागी ध्वनिमुद्रित झालं, ‘थेलोनियस इन अॅक्शन’ आणि ‘मिस्टेरिओसो’ या नावांनी. फाइव्ह स्पॉटची ती खोली कशी घुमायची हे कळायला तेच ऐकावं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेलावेअर राज्यात पोलिसांनी मंकला मोटारीतून ओढून मारहाण केली आणि त्याचं कार्ड पुन्हा काढून घेतलं गेलं. त्याआधीच्या या तबकड्यांमध्ये ‘इन वॉक्ड बड’ आहे. ज्या बड पॉवेलसाठी मंकने साठ दिवस तुरुंगात काढले, त्याच्या नावाची ही रचना, १९४७ मध्ये पहिल्यांदा मुद्रित झालेली. ग्रिफिन ती भरधाव वाजवतो आणि मंक, आपल्या सवयीप्रमाणे, त्याला मोकळं रान देतो.